झिरो नंबर तात्या

कोल्हापुरात बिननादाचा माणूस मिळणं कठीण. कुणी पेठेच्या फुटबॉल संघापायी शाहू स्टेडियमवर घसा बसवून घेतो, कुणी दिवाळीच्या पाडव्याला म्हशीची शिंगं रंगवून तिला मोटारसायकलमागे पळवतो, कुणी दिवसभर गच्चीवर कबुतरांच्या मागे असतो. आमच्या गल्लीतल्या तात्या मेस्त्रींना घासण्याचा नाद आहे. भांडी घासायच्या भानगडीत ते पडत नाहीत, ते खातं काकींचं. तात्या प्लास्टिकच्या विमानाचे भाग घासतात, म्हणजे घासणार आहेत. सध्या ते घासायची हत्यारं करतायत, आणि हे 'सध्या' सुरू होऊन बरीच वर्षं झाली. पॉलिश पेपरच्या या भक्तीपायी गल्लीने त्यांना 'झिरो नंबर तात्या' करून टाकलं. एरवी कुणाला झिरो म्हटलं तर कोल्हापुरात दोन घरांत बोलणं बंद होतं. तात्यांनी मात्र ही पदवी मानाने स्वीकारली. त्यांच्या लेखी झिरो नंबर म्हणजे शेवटचा, सगळ्यात मऊ हात.

यामागे पूर्वपुण्याई आहे. तात्यांची सगळी नोकरी शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये गेली. ऑइल इंजिनाचे, पंपाचे, उसाच्या चरकाचे भाग बिडात ओतायचे तर आधी त्या भागाची लाकडी प्रतिकृती लागते. तिला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. पॅटर्नला उभ्या बाजूने किंचित ढाळ नसेल किंवा अंग खरबरीत असेल, तर उचलताना वाळू बरोबर येते आणि साचा ढासळतो. पॅटर्नवर राहिलेला एक ओरखडा पुढे शेकडो कास्टिंगवर छापून निघतो. तेव्हा तात्यांचं डोळे मिटून पृष्ठभागावर नख फिरवणं, मग बत्ती तिरकी धरून सावली बघणं आणि शेवटी मान हलवून "अजून बोलतंय" म्हणणं, ही नोकरीत लागलेली सवय. लाकूड गप्प झालं की पॅटर्न पास.

बीड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्याची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा सेंटीमीटरभर लांब असतो. निवृत्त होताना तात्या ती पट्टी घरी घेऊन आले. पुढे कापडाच्या दुकानातून आणलेलं प्रत्येक कापड त्यांना मीटरमागे सेंटीमीटरभर कमी भरायला लागलं. काकींनी खरा टेप समोर धरला तेव्हा तात्या म्हणाले, "टेप बरोबर हाय. पण कापड धुतल्यावर आटणार न्हाई व्हय? ही पट्टी म्होरचं बघती."

तर अशा माणसाला इंग्लंडात असलेल्या भाच्याने विमानाचा खोका पाठवला. एअरफिक्स कंपनीचा, १/७२ प्रमाणातला, आणि विमान नॅट. नॅट म्हटल्यावर तात्यांचा ऊर भरून आला. १९६५च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांना पाणी पाजणारं हे चिमुकलं विमान, मूळ इंग्रजी असलं तरी पुढे आपल्या बंगळूरच्या कारखान्यातही बनलेलं. तात्या तेव्हा शाळेत होते. नॅटच्या बातम्या त्यांनी चौकातल्या रेडिओवर ऐकल्या होत्या, आणि त्या आजही ते ऐकवतात. खोका उघडला, आणि तात्यांचा चेहरा उतरला. आत निघालं ते शिकाऊ नॅट, दोन बैठकांचं. ब्रिटनच्या 'रेड अ‍ॅरोज' या कसरती करणाऱ्या पथकाचं, लालभडक.

"आपलं एकट्याचं हुतं," तात्या म्हणाले. "हे जोडप्याचं आलंय."

दुसरा कुणी असता तर लाल रंग देऊन मोकळा झाला असता, किंवा एका बैठकीचा दुसरा खोका मागवला असता. भाच्याने तेही सुचवलं. "तयार मिळतंय म्हणून जमलेलं लगीन मोडायचं व्हय?" असं विचारून तात्यांनी फोन ठेवला. शिकाऊ नॅट लढाऊ नॅटपेक्षा जवळजवळ मीटरभर लांब आणि पंखानेही मोठं. ७२ने भागलं की लांबीतला फरक तेरा मिलिमीटरांवर येतो. तात्यांनी हिशेब मांडला: तेरा मिलिमीटर नाक-पोटातून काढायचे, एक बैठक बुजवायची, पंख उतरवायचे, काचेचा टप लहान करायचा. म्हणजे थोडं कापायचं, पुट्टी भरायची आणि उरलेलं सगळं घासून आणायचं. आणि घासायचं म्हणजे हत्यार पाहिजे.

तिथपासून विमान खोक्यात आहे आणि तात्या हत्यारात.

प्लास्टिकची विमानं जोडणाऱ्या कुणालाही विचारा, निम्मा वेळ घासण्यात जातो. भाग चौकटीतून कापून काढला की तिथे एक बारीक गाठ उरते. पोटाचे दोन अर्धे चिकटवले की मध्ये शिवण दिसते. ती शिवण रंगाखाली लपत नाही, उलट उठून दिसते. ती घालवायला नवशिके कागदाचा तुकडा बोटावर गुंडाळतात. ते बघितलं की तात्यांच्या कपाळावर आठी चढते. "बोट म्हंजे नुसतं मांस," ते सांगतात. "खड्ड्यात बी उतरतं, उंचवट्यावर बी चढतं. घासून घासून खड्डा तिथंच. पट्टी ताठ पाहिजे. ती फकस्त उंचवट्याला शिवती." पण हीच ताठ पट्टी विमानाच्या गोल पोटावर चालवली की तिथे सपाट चट्टे पडतात. गोलाईला पाठीमागे मऊ गादी हवी. पंख पोटाला मिळतो त्या आतल्या वळणाला गोल दांडी हवी, पंखाच्या मागच्या पातळ धारेला रुंद पट्टी. थोडक्यात, एका वीतभरही नसलेल्या विमानाला किती तऱ्हेची हत्यारं लागतात याला अंत नाही. तात्यांच्या आनंदालाही त्यामुळे अंत नाही.

साधी ताठ पट्टी करताना त्यांना बघावं. नंबरप्लेट आणि दुकानांचे बोर्ड करणाऱ्याकडून आणलेली तीन मिलिमीटर जाड अ‍ॅक्रिलिकची कात्रणं असतात, त्यातली एक बोटभर रुंद, कडा साफ केलेली. टेबल सपाट असतं यावर तात्यांचा विश्वास नाही, म्हणून टेबलावर खिडकीची काच. काचेवर पॉलिश पेपर पालथा, खडे खाली. पट्टीला दुहेरी टेप लावायचा तो मधून कडांकडे दाबत, आत हवेचा फुगा राहता कामा नये. मग पट्टी कागदाच्या पाठीवर टेकवायची, वर इस्त्री ठेवायची (थंड; गरम इस्त्रीचा प्रयोग करून झाला आहे, त्या दिवशी काकींनी स्वयंपाक केला नाही). मग पट्टीच्या कडेने नवं पातं ओढायचं, कागदाच्या पाठीकडून. "खड्याच्या अंगानं कापलंस तर पहिल्याच ओढीला पात्याची धार जाती." शेवटी कागदाची नुकती कापलेली तीक्ष्ण कड दुसऱ्या जुन्या पट्टीने मारायची, नाहीतर तीच कड विमानावर रेघ ओढते. पट्टीचं एक टोक चौकोनी, दुसरं तिरकं. बुडाला रंगीत इलेक्ट्रिक टेप: लाल म्हणजे २४०, पिवळा ४००, हिरवा ६००, निळा १०००, पांढरा २०००. नंबर जितका मोठा तितका खडा बारीक, झिरो तेवढा अपवाद. हे सगळं झालं की तात्या पट्टी उजेडात धरून बघतात, खूष होतात, डब्यात ठेवतात आणि पुढची करायला घेतात.

डबे श्रीखंडाचे आहेत, आणि आतल्या मंडळींना नावं आहेत. २४०ची जाड पट्टी म्हणजे 'पैलवान': जोर भरपूर, विचार कमी. सायकलच्या तारेवर कागद गुंडाळून केलेला तो 'वकील', कुठल्याही फटीतून आत शिरतो. रबरी स्लीपरचा तुकडा कापून त्यावर कागद डकवला आहे, तो 'नगरसेवक', कारण ज्याच्यावर ठेवाल त्याचा आकार घेतो. २०००ची पांढरी पट्टी म्हणजे 'भटजी': सगळं झाल्यावर यायचं, दोन मिनिटं हात फिरवायचा आणि कागदाचे पैसे मात्र सगळ्यात जास्त. स्लीपर घरातल्याच एका जोडीतली होती. चपलांच्या या गावात मी एका पायात स्लीपर घालून भाजी आणायला गेलो, असं काकी सांगतात. कोल्हापुरी बायका 'मी गेलो, मी आलो' म्हणतात हे वाचकांना ठाऊक असेलच. सूनबाईंची नखं घासायची पट्टीही एके दिवशी गायब झाली. ती मात्र जप्त झाली नाही, तिचा सन्मान झाला. दोन्हीकडे दोन नंबर, मध्ये लवचीक गाभा, वाकवली तर वाकते, सोडली तर सरळ. विमानं करणारे जगभर हीच पट्टी वापरतात, हे तात्यांना भाच्याकडून कळलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे ह्या बायका आपल्या म्होरं हैत."

कागद विकत घ्यायला तात्या लक्ष्मीपुरीत जातात. तिथला एक हार्डवेअरवाला त्यांना लांबून बघितलं की नोकराला पुढे करून आत गोदामात जातो. तात्या एक हजार नंबरचा वॉटर पेपर मागतात, एकच ताव. आधी तो नखावर घासतात, मग कानाशी नेऊन बोटाने ओढतात आणि आवाज ऐकतात, मग कोपरा दुमडून खडे सुटतात का ते पारखतात. "पाठीवर हजार लिवलंय, पण अंगानं आठशे हाय," असा निकाल देऊन परत करतात. नोकर दुसरा ताव काढतो. तो पास होतो. तात्या तो गुंडाळून काखेत धरतात आणि वर दुकानदाराच्या काउंटरची कड खरबरीत आहे, पोरांचे हात फाटतील, असं सांगून उपकार म्हणून ती तिथल्या तिथे घासून देतात.

हा वॉटर पेपर तात्यांचं कुलदैवत. काळा खडा कार्बोरंडमचा. अमेरिकेतल्या अ‍ॅचेसन नावाच्या माणसाने १८९१ साली कृत्रिम हिरे करायच्या नादात तो भट्टीतून काढला. हिरे झाले नाहीत, पण जगाला घासायचं साधन मिळालं. पुढे १९२१ साली थ्रीएम कंपनीने पाण्यात भिजला तरी न विरघळणारा कागद बाजारात आणला. फ्रान्सिस ओकी हा त्याचा कर्ता. मोटारींचा रंग घासताना उडणारी धूळ बसावी म्हणून हा खटाटोप. प्लास्टिकवाल्यांना त्याचा दुसरा फायदा झाला. कोरडं घासलं की प्लास्टिक तापून मऊ पडतं आणि त्याचा चिकट भुगा कागदाच्या खड्यांत बसून कागद आंधळा होतो. पाण्यात एक थेंब भांड्याचा साबण टाकून घासलं की भुगा वाहून जातो, कागद टिकतो आणि धूळ नाकात जात नाही. साबण काकींचा.

याच ओकीबद्दल थ्रीएममध्ये एक आख्यायिका सांगतात. दाढीसाठी वस्तऱ्याऐवजी पॉलिश पेपर विकावा, अशी त्याची योजना होती म्हणे, आणि तो स्वतः तशी दाढी करायचा. भाच्याने ही गोष्ट सांगायला नको होती. दुसऱ्या दिवशी तात्या चौकात आले ते उजव्या गालावर हळद लावून. "पंधराशेनं सुरुवात केली, ती चूक झाली," त्यांनी शांतपणे खुलासा केला. "आधी सहाशे पाहिजे हुता." कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तेव्हापासून तात्यांना रांगेत पुढे घ्यायचं ठरवलं आहे.

नंबर गाळायचा नाही, हा तात्यांच्या धर्मातला पहिला नियम. चारशेने आडवं घासायचं, सहाशेने उभं. चारशेचा शेवटचा आडवा ओरखडा मिटेपर्यंत सहाशे सोडायचा नाही, मग हजार पुन्हा आडवा. "चारशेवरनं डायरेक दोन हजारावर गेलास की वर चकाकी येती आणि खाली खड्डं तसंच. रंग मारलास की सगळं बोंबलतंय." गल्लीत दहावीची मुलं क्लासला उड्या मारत जाताना दिसली, की ते हाच उपदेश त्यांना करतात. विमानाच्या काचेच्या टपावर ओरखडा पडला तर टप फेकायचा नाही. २०००च्या कागदाने ओला घासायचा, पांढराफट होतो, घाबरायचं नाही, मग ब्रासोने घासत बसायचं. आरपार दिसायला लागतो. टपावरचा हा प्रयोग तात्यांनी काकींच्या चष्म्यावर करून दाखवायची तयारी दर्शवली होती. काकी तेव्हापासून चष्मा उशाखाली ठेवतात.

"चाळीस वर्सं झाली लग्नाला," काकी मला एकदा चहा देता देता म्हणाल्या. "मला कवा म्हणलं न्हाईत की तुजं हात मऊ हैत. त्या पिलास्टिकच्या पंखावर गाल घासत्यात आणि म्हणत्यात, आता कसं लोण्यावाणी. मी म्हणतो, त्यालाच घेऊन झोपा."

"पंख न्हाई ग," आतून तात्या ओरडले. "नमुन्याचा तुकडा हाय. पंख अजून खोक्यातच हाय."

तात्यांना या दिरंगाईबद्दल छेडलं की ते बाबूराव पेंटरांना साक्षीला बोलावतात. कोल्हापुरात ते चालून जातं. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, तो मिळेना, तेव्हा बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून इथेच स्वतः कॅमेरा बनवला. "आधी हत्यार, मग काम. ह्यो कोल्हापूरचा कायदा हाय," तात्या बजावतात. गल्लीतल्या एका आगाऊ पोराने यावर विचारलं, "तात्या, पण बाबूरावांचा सिनेमा आला की. 'सैरंध्री' १९२०ला लागला." तात्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "त्यास्नी घाई हुती."

आता खरी गोष्ट. तात्यांचं विमान झालेलं नाही, पण तात्यांच्या हत्यारांवर अर्ध्या गावाची कामं होतात. गणपतीच्या आधी महिनाभर कुंभार गल्लीतून माणूस येतो. प्लास्टरच्या मूर्तीची सोंड पोटाला जिथे टेकते त्या आतल्या बेचक्यात बोट जात नाही आणि कागद नुसता धरला की दुमडतो. तात्यांनी बांबूच्या सळईला चमच्याचा बाक देऊन त्याला हत्यार करून दिलं. डेंटिंग-पेंटिंगवाला मडगार्डच्या गोलाईसाठी मोठा 'नगरसेवक' घेऊन जातो. मिरजेहून तंतुवाद्यं करणारे एक गृहस्थ आले होते, तानपुऱ्याच्या भोपळ्याच्या गळ्याशी घासायला त्यांना अर्धगोल हवा होता. तात्यांनी पाण्याच्या पाइपचा उभा अर्धा तुकडा कापून आतून कागद डकवला आणि भोपळ्याचा घेर विचारताना नकळत आपली ती लांब पट्टी काढली. पाहुणे वाद्यवाले, कानाचे पक्के. त्यांनी आधी खरा टेप मागितला. दिवाळीच्या किल्ल्यासाठी थर्माकोलचे बुरूज गोल करायला पोरं येतात, त्यांना 'पैलवान' मिळतो आणि बरोबर सूचना, की तटबंदीला ढाळ द्या. पॅटर्न उचलायचा नसला तरी.

कुणी पैसे विचारले तर तात्यांना राग येतो. कुणी हत्यार न पुसता परत आणलं तर त्याहून जास्त येतो. आणि कुणी चांगलं चाललं म्हणून सांगायला आलं, तर तात्या ते हत्यार परत हातात घेऊन बघतात, कागद कुठे झिजला आहे त्यावरून समोरच्याचा हात कसा चालतो ते ओळखतात आणि पुढचं त्याच्या हाताला बसेल असं करून देतात. डावखुऱ्या कुंभारासाठी बाक उलट्या बाजूला दिला तेव्हा तो माणूस दारातच उभा राहिला, काय बोलावं त्याला सुचेना. तात्यांनी त्याला "आधी धरून बघ" म्हटलं आणि आत निघून गेले. एवढी नजर असलेल्या माणसाला विमान पूर्ण करता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. ते झालं तर डबे बंद करावे लागतील, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे.

म्हणून माझं मत विचाराल तर भाच्याने दुसरा खोका मुळीच पाठवू नये. गावात विमानं करणारे पुष्कळ निघतील, दुसऱ्याच्या हाताचं माप घेऊन हत्यार करून देणारा माणूस गल्लीत एखादाच असतो, आणि तो रिकामा राहणं कुणालाच परवडणारं नाही. तुमच्या घरी कधी एखादी अवघड जागा घासायची निघाली, तर तात्यांकडे जरूर जा. संध्याकाळी जा, तेव्हा उजेड तिरका असतो आणि तात्या खुशीत असतात. कागद तुमचा तुम्ही घेऊन जा, चहा नाही म्हणू नका, आणि काकींसाठी भांड्याच्या साबणाची एक बाटली न्या. विमान कुठवर आलं, एवढं मात्र विचारू नका.